प्रतिगामी : पावलं कुणाची, कुठल्या दिशेची?

(संघटनेच्या दोन दिवसांच्या कार्यकर्ती शिबिरात केलेलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना थोडा संक्षेप केला आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'एका शब्दाविषयी' एवढंच छापलंय. काल जेवताना दोघीतिघींनी विचारलंही, की ताई, एका शब्दावर तुम्ही इतका वेळ काय बोलणार? म्हणून हा विषय कुठून निघाला ते आधी सांगते.

आठ मार्चच्या सभेसाठी ठरावाचा मसुदा करायचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी सवयीनं पहिलं वाक्य लिहिलं : 'धर्मांध, जातीयवादी आणि प्रतिगामी शक्तींचा मुकाबला करण्याचा निर्धार ही सभा व्यक्त करीत आहे.' चाळीस वर्षं हे वाक्य मी लिहिते आहे. तारीख बदलते, सभेची जागा बदलते, वाक्य तेच. बैठकीत आपल्या सल्ला केंद्रातली एक तरुण कार्यकर्ती मसुदा मोठ्यानं वाचत होती. ती थांबली आणि म्हणाली, "ताई, धर्मांध कळलं, जातीयवादी कळलं. हे प्रतिगामी म्हणजे नेमकं कोण?"

मी म्हटलं, "मागे जाणारे."

त्यावर वस्ती गटातल्या एक मावशी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, पटकन म्हणाल्या, "म्हणजे उलट्या पावलांचे? हडळीसारखे?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मावशी काही विनोद करत नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं, "हडळीचं तसंच असतंय. तोंड आपल्याकडं, पावलं मागं. मातीतले ठसे बघून वाटतं, गेली बाई तिकडं. आणि ती येत असती आपल्याच अंगावर."

घरी जाताना बसमध्ये मी विचार करत होते. हा शब्द मी आजवर शेकडो वेळा वापरला असेल. त्यातल्या किती वेळा समजून वापरला? आणि कुणाविरुद्ध वापरला? त्याचं उत्तर फारसं अभिमानाचं नव्हतं. म्हणून म्हटलं, यावर आपण एकदा नीट बोलू या.

आता शब्दाकडे येऊ. 'पुरः' म्हणजे पुढे, म्हणून पुढे जाणारा तो पुरोगामी. 'प्रति' म्हणजे उलट, म्हणून उलट दिशेनं जाणारा तो प्रतिगामी. फोड सोपी आहे. घोटाळा होतो तो शेजारच्या शब्दांमुळे. परंपरावादी, कर्मठ, सनातनी आणि प्रतिगामी हे चार शब्द आपण एकाच टोपलीत टाकतो. जरा निवडून पाहू.

परंपरावादी माणूस म्हणतो, चाललंय ते बरं आहे, घाई करू नका. कर्मठ माणूस स्वतःच्या आचाराचे नियम काटेकोर पाळतो. गंमत अशी, की हिंदीत 'कर्मठ' ही स्तुती आहे. कष्टाळू, कामसू माणसाला ते कर्मठ म्हणतात. शब्द एकच, आपल्याकडे आल्यावर सोवळ्यात गेला. सनातनी हे नाव लोकांनी स्वतःच घेतलं. सनातन म्हणजे जे कायमचं आहे ते, आणि आपलं म्हणणं कायमचंच खरं आहे असं कुणाला वाटणार नाही? हिंदी-उर्दूत जुनाट विचारांच्या माणसाला 'दकियानूसी' म्हणतात. हा शब्द 'दकियानूस' या राजावरून आला. म्हणजे रोमचा सम्राट डेसियस, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. त्याच्या छळाला भिऊन गुहेत जाऊन झोपलेल्या आणि शेकडो वर्षांनी जाग्या झालेल्या तरुणांची एक जुनी कथा आहे. तेव्हा दकियानूसी म्हणजे त्या राजाच्या काळातला, फार फार जुना.

पण हे सगळे शब्द जुनेपणाचे आहेत. प्रतिगामी हा जुनेपणाचा शब्द नाही. तो दिशेचा शब्द आहे. जे कुणाला तरी मिळालेलं आहे, ते परत काढून घेऊ पाहणारा, तो प्रतिगामी. नऊवारी नेसणारी, उपास करणारी, देवाला नमस्कार करणारी बाई प्रतिगामी नव्हे. आणि जीन्स घालून, हातात मोबाइल घेऊन, उत्तम इंग्रजी बोलत कुणी बायकांचा हक्क काढून घेत असेल, तर तो माणूस कितीही आधुनिक दिसला तरी त्याचं ते कृत्य प्रतिगामी आहे.

हा अर्थ मी मनानं लावत नाही. युरोपात ज्या शब्दावरून आपला हा राजकीय अर्थ आला, त्याचा जन्मच असा आहे. फ्रान्समध्ये १७८९ साली क्रांती झाली. १७९४ साली रोबेस्पिएर पडला आणि वारं उलटं फिरलं. त्या उलट्या वाऱ्याला तिथल्या लोकांनी 'रेॲक्सियाँ' म्हटलं, म्हणजे प्रतिक्रिया. आणि ती घडवून आणणाऱ्यांसाठी शब्द तयार झाला 'रेॲक्सियोनेर'. इंग्रजीतला 'रिॲक्शनरी' त्यातूनच आला. हिंदीनं त्याचा 'प्रतिक्रियावादी' केला, आपण प्रतिगामी म्हणतो.

आता यात बायकांचं काय? ऐका. क्रांतीनं सप्टेंबर १७९२ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. नवऱ्याप्रमाणे बायकोलाही लग्नातून बाहेर पडता येऊ लागलं. पुढे नेपोलियनच्या कायद्यानं त्यात बायकांवर पुष्कळ बंधनं घातली. आणि राजेशाही परत आल्यावर, मे १८१६ मध्ये, घटस्फोटच रद्द झाला. तो परत मिळायला १८८४ साल उजाडलं. म्हणजे अडुसष्ट वर्षं! ज्या बाईला १७९२ साली दार उघडं होतं, तिच्या पणतीला ते बंद होतं. प्रतिगामी राजकारण म्हणजे काय, ते याहून स्पष्ट मी सांगू शकणार नाही.

पण गोष्ट इथंच थांबवली तर ती अर्धी राहील. राजेशाहीनं दार बंद केलं ते १८१६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १७९३ मध्ये, खुद्द क्रांतिकारकांच्या सभागृहानं बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली. 'स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा' लिहिणाऱ्या ओलांप द गूज हिला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिलोटिनवर चढवलं. तिनं १७९१ सालीच लिहून ठेवलं होतं, की स्त्रीला फासावर चढायचा हक्क आहे, तर तिला व्यासपीठावर चढायचाही हक्क असला पाहिजे. तेव्हा पुढे जाणाऱ्यांनीही बायकांच्या बाबतीत पावलं मागे टाकली. हे लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात भांडण होतं ते सुधारक आणि सनातनी यांचं. 'सुधारक' ही तेव्हा शिवी होती. 'सुधारलेली बाई' ही त्याहून मोठी शिवी. आगरकरांनी १८८८ साली आपल्या पत्राचं नावच 'सुधारक' ठेवलं आणि ती शिवी छातीवर लावून घेतली. त्याची किंमत म्हणून जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा त्यांना बघावी लागली.

रखमाबाईंचा खटला आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठी झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे एक दार किलकिलं झालं. लगेच ओरड सुरू झाली, अपील झालं, आणि १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी हुकूम दिला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि आयुष्यभर बायकांची दुखणी बघत राहिल्या.

या खटल्यात रखमाबाईंच्या विरोधात लिहिणाऱ्यांत लोकमान्य टिळक होते. त्यानंतर आला संमतिवयाचा कायदा. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगामुळे मेली, आणि त्यानंतर १८९१ साली सरकारनं संमतीचं वय दहावरून बारा केलं. दहावरून बारा, मैत्रिणींनो! एवढ्यावर देश पेटला. टिळकांनी कडाडून विरोध केला.

इथे 'टिळक प्रतिगामी होते' असं म्हणून मला पुढे जाता आलं असतं. तरुणपणी मी तसंच म्हणत असे. पण जरा बारकाईनं पाहिलं, की अडचण येते. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा करू नये, हे टिळकांचं म्हणणं होतं, आणि ते साम्राज्याच्या विरोधातलं म्हणणं होतं. शिवाय त्यांनी १८९० मध्ये स्वतःची एक यादी पुढे ठेवली होती. मुलींची लग्नं सोळा वर्षांच्या आत करू नयेत, हुंडा घेऊ नये, विधवांचं केशवपन करू नये. सोळा! सरकार बारा म्हणत होतं. फक्त हे सगळं राजीखुशीनं व्हावं, कायद्यानं नको.

मग टिळक पुढे जात होते की मागे? इंग्रजाच्या बाबतीत पुढे, मुलीच्या बाबतीत तिथेच उभे, आणि रखमाबाईंच्या बाबतीत मागे. एकाच माणसाची तीन पावलं, तीन दिशांना. आणि राजीखुशीचं काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. बालविवाहाचा शारदा कायदा व्हायला १९२९ साल उजाडलं, आणि तोही मुलीचं वय चौदा एवढंच करू शकला. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या राजीखुशीवर सोडलेली सुधारणा घरापर्यंत पोचत नाही. धुणंभांडं करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पगारी सुट्टी मालकिणीच्या राजीखुशीवर सोडली तर किती मिळते!

याच काळात ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्यांचा मुद्दा मला अजून चटका लावतो. पुरुषांनी स्वतःच्या सोयीसाठी रीतीभाती बदलल्या, आणि धर्म सांभाळायचं ओझं तेवढं बायकांच्या गळ्यात ठेवलं, हे त्यांनी सरळ तोंडावर विचारलं. पुढे जायचं त्यांनी, आणि जुनं जपायचं आम्ही. 'संस्कृती वाचवा' असं कुणी म्हटलं, की मी हल्ली आधी बघते, त्याच्या अंगावर त्या संस्कृतीचं काय काय आहे.

१८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तोवर सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मंडपात भरत असे. पुण्यात टिळकपक्षानं विरोध केला, आणि रानड्यांना परिषद वेगळ्या मंडपात घ्यावी लागली. आधी राजकीय, मग सामाजिक. 'नंतर' हा शब्द तिथे पक्का झाला. लक्षात घ्या, कुणीही असं म्हटलं नाही की बायकांना काही देऊ नका. फक्त म्हटलं, नंतर.

आंबेडकरी चळवळीनं मात्र या शब्दाचा नेमका अर्थ कधी सोडला नाही. बाबासाहेबांनी प्राचीन भारताचा इतिहास लिहायला घेतला तो क्रांती आणि प्रतिक्रांती या जोडीनं. बुद्धानं जे दिलं ते मनूच्या धर्मानं काढून घेतलं, आणि त्यात स्त्रियांचं स्थानही काढून घेतलं, ही त्यांची मांडणी होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ती जुनी पोथी होती म्हणून जाळली नाही. ती अजून अंमल चालवत होती म्हणून जाळली. आणि १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडवलं गेलं तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्या राजीनाम्याची इतरही कारणं होती, पण हे एक मोठं कारण होतं. बिल रखडवणारे सगळे काही सनातनी नव्हते. त्यात 'नंतर' म्हणणारे पुष्कळ पुरोगामी होते.

आता मी माझ्या गोष्टीकडे येते. हे बोलायला मला वेळ लागला आहे.

१९८० साली मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध देशभर मोर्चे निघाले, त्यातल्या एका मोर्चानं मी चळवळीत आले. स्त्रियांच्या संघटनेबरोबरच मी एका डाव्या विचारांच्या संघटनेतही काम करत होते. 'प्रतिगामी' हा शब्द मी तिथे शिकले. तिथला एक कार्यकर्ता फार चांगला वक्ता होता. झोपडपट्टीच्या प्रश्नावर त्यानं लाठ्या खाल्ल्या होत्या. त्याची बायको शिक्षिका होती, आमच्या पत्रकांचा मजकूर तीच लिहायची. एक दिवस तिनं मला सांगितलं, तो मारतो. पगार काढून घेतो. आणि आता नोकरी सोड म्हणतोय, मुलांकडे बघायला कुणी नाही म्हणून.

मी तो विषय समितीच्या बैठकीत आणला. अकरा पुरुष, दोन बाया. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे, शांतपणे म्हणाले, "हे बाहेर गेलं तर प्रतिगाम्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. निवडणुका होऊन जाऊ द्या, नंतर पाहू." मत घेतलं. 'नंतर पाहू' या बाजूनं जे हात वर गेले, त्यात माझा हात होता.

मैत्रिणींनो, मी तो हात का वर केला? कारण 'प्रतिगामी' या शब्दानं मला एक जागा दिली होती. प्रतिगामी म्हणजे ते, पलीकडचे. आम्ही पुरोगामी. आमच्या माणसानं केलेली गोष्ट चुकीची असेल, कमजोरी असेल, पण ती प्रतिगामी असूच शकत नाही. एका बाईची नोकरी, पगार, हिंडण्याफिरण्याची मोकळीक, सगळं तिच्याकडून काढून घेतलं जात होतं. त्या शब्दाची व्याख्याच तिच्या घरात घडत होती. आणि तोच शब्द आम्ही तिचं तोंड बंद करायला वापरला.

पंधरा दिवसांनी ती रात्री माझ्या घरी आली. मी दौऱ्यावर होते. दार उघडलं माझ्या सासूबाईंनी. आता या सासूबाई कशा, तर सोळा सोमवार, एकादश्या, सोवळ्यात स्वयंपाक. मी त्यांना तोंडावर नाही, पण बैठकांत हसत हसत 'आमच्या घरातली प्रतिगामी शक्ती' म्हणत असे. मैत्रिणींना ते फार आवडायचं. त्या बाईनं तिला आत घेतलं, गरम पाणी दिलं, आणि काही एक न विचारता आपल्या खोलीत झोपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुलाला बरोबर घेऊन त्या थेट तिच्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा पिशवीत दोन लुगडी होती आणि तिची सर्टिफिकेटं. मला नंतर म्हणाल्या, "कपडे काय, कुठेही मिळतात. पोरीचे कागद आधी आणले. कागद त्याच्याकडे राहिले असते तर नोकरी गेली असती तिची."

ती आमच्याकडे तीन आठवडे राहिली. नोकरी तिनं सोडली नाही. आज ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे. तिला विचारूनच मी हे सांगते आहे.

पण मी इथे सासूबाईंची आरती ओवाळणार नाही. त्याच सासूबाईंनी माझ्या एका बौद्ध मैत्रिणीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबवलं होतं. त्या मैत्रिणीनं ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही बोलले नाही. मघाशी मी म्हटलं, की कर्मठ माणूस स्वतःच्या आचाराचे नियम पाळतो. ते पूर्ण खरं नाही. ते नियम कुणाला तरी उंबऱ्यावर थांबवतात. थांबवलेल्या बाईला विचारल्याशिवाय 'निरुपद्रवी कर्मठपणा' असं काही म्हणू नये. सासूबाईंचं एक पाऊल पुढे होतं आणि एक उंबऱ्यात रुतलेलं. त्यांना 'प्रतिगामी' म्हणून मी पहिलं पाऊल बघितलं नाही. 'घरातलंच माणूस' म्हणून दुसऱ्यावर बोलले नाही.

आता मावशींच्या हडळीकडे वळते. तोंड पुढे, पावलं मागे. हे लक्षण गेल्या चाळीस वर्षांत आपण पुष्कळदा पाहिलं.

४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानात देवराला गावी अठरा वर्षांची रूपकंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. आपण मोर्चे काढले, कायदा झाला. पण तेव्हा सतीच्या समर्थनासाठीही बायकांचे मोर्चे निघाले, आणि सती जाणं हा स्त्रीचा हक्क आहे, अशी भाषा त्यांच्या तोंडी होती. शब्द आपले, हक्क, इच्छा, स्त्रीशक्ती. पावलं मात्र चितेकडे. त्या सतीचं उदात्तीकरण केल्याच्या एका खटल्यातले आठ आरोपी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुटले. सदतीस वर्षांनी.

त्याच्या दोन वर्षं आधी शहाबानोचा निकाल. इंदूरची वृद्ध बाई, महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल १९८५ मध्ये ती मान्य केली. गदारोळ झाला, आणि १९८६ मध्ये संसदेनं वेगळा कायदा करून तो रस्ता अडवला. ते सरकार स्वतःला देशाला एकविसाव्या शतकात नेणारं म्हणत होतं. तोंड एकविसाव्या शतकाकडे! पुढे २००१ मध्ये न्यायालयानं त्या कायद्याचा अर्थ बायकांच्या बाजूनं लावला, आणि जुलै २०२४ मध्ये मुस्लीम घटस्फोटितेला सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते हे पुन्हा स्पष्ट केलं. पण हेही बोललं पाहिजे. आपल्यातल्या काहींना प्रतिगामी फक्त दुसऱ्याच्या धर्मात दिसतात. १९६६ मध्ये हमीद दलवाईंच्या बरोबर मुंबईत सात मुस्लीम बायका तोंडी तलाकविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्यांना आपल्या घरातलं दिसत होतं. आपल्याला आपल्या घरातलं दिसतं का, हा प्रश्न आहे.

आणि हे फक्त मागासलेल्या देशांत होतं असं समजू नका. अमेरिकेत १९७३ मध्ये मिळालेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२ मध्ये काढून घेतला. एकोणपन्नास वर्षांनी. आजीला होता, नातीला नाही. फ्रान्सची १८१६ सालची गोष्ट आणि ही गोष्ट, सांगा काय फरक आहे?

एक अवघड उदाहरण मुद्दाम देते. उत्तराखंडनं २०२४ मध्ये समान नागरी कायदा केला, २०२५ च्या जानेवारीत तो लागू झाला. त्यात मुलगा-मुलगी यांना वारसाहक्क समान आहे, बहुपत्नीत्वाला बंदी आहे. आणि त्याच कायद्यात, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी सरकारकडे नोंद केलीच पाहिजे, न केली तर तुरुंग, आणि एकवीस वर्षांखालील असतील तर आईबापांना कळवणार, अशीही कलमं आहेत. आता हा कायदा पुरोगामी की प्रतिगामी? आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या मुलींचा विचार करा. जातीबाहेर प्रेम केलं म्हणून घरातून पळून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी. ती सज्ञान आहे, मतदार आहे. तिचा पत्ता सरकार तिच्या बापाला कळवणार! 'समान' या एका शब्दावर भाळून हा कायदा आपण पास करायचा नाही, आणि तो कुणी आणला एवढंच बघून नापासही करायचा नाही. कलम कलम उचलून विचारायचं, यात कुणाला काय मिळतं आणि कुणाचं काय जातं?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. हा शब्द टाकून देऊ नका. पण तो माणसांच्या कपाळावर चिकटवू नका; मागण्यांना, कायद्यांना, कृत्यांना लावा. आणि लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. एक, कोणत्या बाईचा कोणता हक्क परत घेतला जातो आहे? नाव, गाव, कलम सांगता आलं पाहिजे. दोन, हेच आपल्या माणसानं केलं असतं तर आपण हाच शब्द वापरला असता का? तीन, 'नंतर' कोण म्हणतंय, आणि तोवर कोण सोसणार आहे?

हल्ली आपल्याला चिडवायला 'फुरोगामी' असा शब्द निघालाय, तरुण मुली मला मोबाइलवर दाखवतात. पूर्वी 'सुधारक' ही शिवी होती, आता ही. त्याचं मला फार वाटत नाही. शिवी देणाऱ्यांची चिंता नको. आपल्या शब्दात आपणच हवा भरून ठेवली आहे का, ही चिंता मला जास्त आहे.

तो ठराव आम्ही पुन्हा लिहिला. 'प्रतिगामी शक्तींचा मुकाबला' हे वाक्य काढलं. त्याऐवजी आपल्या वस्तीत या वर्षी काय काय परत घेतलं गेलं ते लिहिलं. रेशनकार्डावरून नाव कमी झालेल्या बायका. दहावीनंतर शाळा सोडायला लावलेल्या मुली. वडिलांच्या घरातला हिस्सा 'राजीखुशीनं' सोडून दिल्याच्या कागदावर अंगठा दिलेल्या तिघी बहिणी. आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, की आमच्या संघटनेच्या दोन बैठका रात्री उशिरापर्यंत चालल्यानं वस्तीतल्या बायका येऊ शकल्या नाहीत, म्हणजे त्यांना जे मिळालं होतं ते आम्हीच काढून घेतलं. ही ओळ घालायची की नाही यावर तासभर वाद झाला. शेवटी घातली.

वाचून झाल्यावर मी मावशींना विचारलं, आता कळलं का? त्या म्हणाल्या, "कळलं. पण ताई, एक सांगू? हडळ म्हणून आजवर कुणाला मारलंय? बाईलाच ना? मग कुणाला हडळ म्हणताना नीट बघून म्हणावं."

मला जे तासभर सांगायचं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आता चर्चेला सुरुवात करू. ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही, त्यांनी आधी बोलावं.